बिदरला निघालो आणि जामबागेत व्हॉल्व्ह अडकला

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं होतं, म्हणून नऊला निघालो. आमची गाडी जुनी, माझ्याहून थोडी मोठीच. बाबांनी साफ सांगितलं होतं, "बिदरला जाऊन धड परत आली तर ठेवू. नाहीतर रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय, त्याला देऊन टाकतो." म्हणजे गाडी गेली की माझी भटकंतीही गेली. वर परीक्षा घ्यायला बाबा स्वतः शेजारी बसले.

अंबरपेठहून बिदरला जायचं तर सरळ मुंबई हायवे गाठावा. मी गाठला नाही. मला लुखमी आठवली, खिमा भरलेला तो चौकोनी समोसा, आणि स्टिअरिंग जामबागकडे वळलं. लुखमी झकास होती. गाडी मात्र परत चालू केली तर थडथड, फटफट, आणि ओढ नाहीच.

"खा अजून लुखम्या," बाबा म्हणाले.

तिथल्याच गल्लीतल्या गॅरेजच्या उस्तादांनी प्लगची एकेक वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाजात काही फरक नाही. "ये सिलेंडर सोया हुआ है." इंजिनचं हेड उतरवलं तेव्हा कळलं, काजळी साचून एक व्हॉल्व्ह अर्धा उघडाच अडकला होता.

"पोरानं मारली गाडी!" बाबा.

"चलाते कित्ता?" उस्तादांनी विचारलं.

"महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिळते हो," मी म्हणालो.

बाबांची छाती फुगली. "लेकिन मैं रोज सुबह चालू करता. अगरबत्ती लगाके, पाच मिनिट."

उस्तादांनी काळा पडलेला व्हॉल्व्ह बाबांच्या तळहातावर ठेवला. "चच्चा, रोज जगाते, चलातेच नई. गरम होने से पैले बंद. काजल अंदरच बैठ गई. गाडी है, भगाओ उसकू."

बाबा व्हॉल्व्हकडे बघत राहिले. मी उरलेली लुखमी अख्खी तोंडात कोंबली. हसलो असतो तर घरी पायी जावं लागलं असतं.

नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून जागेवर घासतात, मग पेट्रोल ओतून गळतंय का बघतात. मोठं छान काम. एवढं बघून मी शेजारच्या फुलवाल्याशी गप्पा मारायला गेलो तो हरवलोच. संध्याकाळी बाबा शोधत आले, "गाडी दुरुस्त झाली, तुझं काय करायचं?"

रविवारी खरोखर पहाटे निघालो. संगारेड्डीपर्यंत रस्ता मस्त आहे. झहीराबादला उसाचा रस प्या आणि उजवीकडे वळा. तिथंच बाबा म्हणाले, "उतर, मी चालवतो." पुढे मी फक्त टोल आणि शेंगा बघितल्या. बिदरच्या किल्ल्यातले माझे सगळे फोटो बाबांच्या पाठीचे आहेत, बोनेटमध्ये वाकलेल्या. किल्ला बघायचा असेल तर दुसऱ्या कुणाचा ब्लॉग वाचा.

संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरलो तर गिऱ्हाईक गेटपाशी उभं. त्यानं हात हलवला. बाबांनीही हसून हात हलवला आणि गाडी न थांबवता पुढे काढली.

"बाबा, घर मागे राहिलं."

"दिसतंय मला. इंजिन नीट गरम व्हायला नको?"

काचीगुड्याच्या सिग्नलला ते हळूच म्हणाले, "फोन लाव त्याला. सांग, गाडी बाहेरगावी गेलीय."

तर गाडी राहिली. चावी बाबांच्या खिशात राहिली. आणि हा मजकूर मी सिटी बसमध्ये उभ्यानं लिहितोय, कारण गाडी हल्ली घरी नसतेच.