रॉयस्टन थर्लबीची वॉरंटी

रॉयस्टन थर्लबी एकतीस वर्षं वाटाण्याच्या कारखान्यात वाटाणे नापास करत होता. हुद्दा गुणवत्ता निरीक्षकाचा, पण काम एवढंच की पट्ट्यावरून हिरवा पूर वाहत यायचा आणि याने त्यातला पिवळा, चिरलेला, डाग पडलेला दाणा हेरून बाहेर काढायचा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला मनगटी घड्याळ दिलं. त्याने ते दोन दिवस स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मिनिटभर मागे पडतं म्हणून परत नेऊन दिलं. बदलून मिळालेलं घड्याळ आजही त्याच्या हातात असतं, आणि तेही मागे पडतं असा त्याला संशय आहे.

हॅदरबीच्या आमच्या मेटल डिटेक्टर क्लबात तो आला त्याला अकरा वर्षं झाली. मी लोर्ना पास्क, क्लबची सचिव. म्हणजे चहाचं पाणी मी तापवते, बिस्किटं मी मांडते आणि कोणाला काय सापडलं ते नोंदवहीत मीच लिहिते. गव्हाची कापणी झाली की पुढच्या पेरणीपर्यंत शेतकरी आम्हाला रान मोकळं देतात. मग आम्ही अठरा जण कानाला हेडफोन लावून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, कापलेल्या गव्हाच्या सडांतून यंत्रं फिरवत दिवस घालवतो. लोक याला वेड म्हणतात. आमच्या घरचे तर तोंडावर म्हणतात.

या अकरा वर्षांत रॉयस्टनला बटणं मिळाली, बक्कल मिळाली, शिशाच्या गोळ्या मिळाल्या, ट्रॅक्टरचे बोल्ट तर इतके मिळाले की एक अख्खा ट्रॅक्टर जोडता आला असता. सोनं मात्र गुंजभरही नाही. इयान ब्लेड्स नावाचा प्लंबर परवा-परवा क्लबात आला आणि दुसऱ्याच रविवारी सोन्याचं अर्धं नाणं खिशात घालून गेला. रॉयस्टनने त्याचं अभिनंदन केलं, हात मिळवला आणि घरी जाऊन दोन दिवस बायकोशी बोलला नाही. हे मला त्याच्या बायकोनेच सांगितलं. तिला ते दोन दिवस बरे गेले म्हणे.

त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक लहान लाकडी डबी आहे. आत निळी मखमल, मधोमध नाण्याएवढा खळगा. क्लबात आला त्याच वर्षी त्याने स्वतःच्या हाताने केलेली. अकरा वर्षं ती डबी रिकामी होती, आणि आठवड्याला तो तिच्यावरची धूळ पुसत होता. मी ती पाहिली तेव्हा मला वाईट वाटलं. घरी येऊन मी हसलेही, ते कबूल करते.

गेल्या वर्षी बातमी आली की स्टेनेट नावाच्या शेतकऱ्याने चॅपलमागचं, म्हणजे गावच्या लहान चर्चमागचं, शेत विकलं. आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या वस्तू निघाल्या त्या याच शेतातून. इयानचं नाणंही तिथलंच. आता तिथे उन्हावर वीज करणारे पत्रे उभे राहणार होते. स्टेनेट म्हणाला, कापणीनंतरचे दहा दिवस तुमचे, मग कुंपण. रॉयस्टनने ते ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की सोनं मिळालं तर या दहा दिवसांत, नाहीतर डबीत तो पेपरमिंटच्या गोळ्या ठेवणार.

आता अडचण अशी होती की रॉयस्टनकडे पिनपॉइंटर नव्हता. मोठं यंत्र सांगतं की इथे वीतभर जागेत कुठेतरी धातू आहे. तिथलं ढेकूळ काढायचं, मग गाजराएवढा हा पिनपॉइंटर खड्ड्यात आणि ढेकळात फिरवायचा, आणि तो वाजेल तिथे बोट घालायचं. रॉयस्टन अकरा वर्षं ढेकळं हाताने कुस्करत आला होता, एका खड्ड्याला वीस मिनिटं. दहा दिवसांत अशाने काय होणार? तेव्हा घ्यायचा असं ठरलं. ठरलं जूनमध्ये, घेतला ऑगस्टमध्ये. मधले दोन महिने आम्ही सगळ्यांनी भोगले.

बाजारात नावाजलेला पिनपॉइंटर होता एकशे तीस पौंडांचा, दोन वर्षांच्या वॉरंटीचा, कंपनी इथलीच. फोन केला तर कोणी उचलतं का, हे पाहायला रॉयस्टनने तिथे चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी पलीकडच्या मुलीने त्याला नावाने ओळखलं. दुसरा होता पस्तीस पौंडांचा, एक वर्षाची वॉरंटी, कुठून येतो कोणाला ठाऊक नाही. त्याच्याबद्दल निम्मे लोक लिहीत होते की याच्यासारखा दुसरा नाही, आणि निम्मे की तिसऱ्या दिवशी मेला. रॉयस्टनचा दोघांवरही विश्वास नव्हता. खूश असलेल्यांवर तर मुळीच नव्हता.

तो माझ्याकडेही चौकशीला आला. माझा पिनपॉइंटर स्वस्तातलाच आहे, बटणावरचं रबर गळून पडलंय, काळी चिकटपट्टी गुंडाळून सहावं वर्ष चाललंय. त्याने विचारलं, वॉरंटीचा कागद कुठे आहे. मी म्हटलं, तो पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर कचऱ्यात गेला. मी पोटचं पोर रस्त्यावर सोडून आले असावे अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

शेवटी त्याने निवाडा दिला, तोही क्लबाच्या बैठकीत उभं राहून. महागडा पिनपॉइंटर बिघडतच नाही असं सगळे सांगतात, मग त्याच्या वॉरंटीचे पैसे का मोजायचे? स्वस्तातला बिघडण्याची शक्यता दाट, म्हणजे तिथे वॉरंटी उपयोगाची. म्हणून त्याने स्वस्तातला मागवला, आणि वर तीन वर्षांची वाढीव वॉरंटी विकत घेतली. इयानने विचारलं की बाबा, तुला धातू शोधायचाय की बिघाड. रॉयस्टन म्हणाला, दोन्ही नीट नोंदवून ठेवावं लागतं.

खोक्याबरोबर अटींचा कागद आला आणि रॉयस्टनने तो प्लास्टिकमध्ये मढवून गळ्यात अडकवला. यंत्रात माती गेली तर वॉरंटी रद्द. जमिनीतून वस्तू शोधणाऱ्या यंत्राला ही अट कोणी घातली, देव जाणे. आम्ही हसून बेजार झालो. रॉयस्टन हसला नाही. त्याने वाटाणे गोठवायच्या पिशवीत पिनपॉइंटर घातला, वरून रबरबँड लावले आणि 'बिघाड' अशा नावाची एक वही केली.

दहा दिवस सुरू झाले. पहिल्याच सकाळी पिनपॉइंटर खड्ड्यात वाजला, पुढच्या खड्ड्यात वाजला, त्याच्या पुढच्याही. रॉयस्टनने वहीत तीन नोंदी केल्या. चौथ्या खड्ड्याशी इयान आला, त्याच्या पायांकडे बघत उभा राहिला आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, बुटांच्या टोकात लोखंड आहे तुझ्या. तुझे अंगठे शोधतंय ते." त्या दिवशी चाळीस एकरांत अठरापैकी सतरा माणसं हसली. दुसऱ्या दिवशी रॉयस्टन रबरी बूट घालून आला, पट्टा काढून सुतळी बांधून आला, लग्नाची अंगठीही घरी ठेवून आला. आता त्याच्या अंगावर धातू नव्हता, आणि चूक झालीच तर ती यंत्राचीच असणार होती.

आठ दिवस खिळे आणि एक चमचा. नवव्या दिवशी अकराच्या सुमारास तो चॅपलच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात होता. मोठ्या यंत्राने गोड आवाज दिला. त्याने ढेकूळ काढलं, फोडलं, आत एक गंजका खिळा निघाला. मोठं यंत्र यालाच वाजलं असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. रीत म्हणून पिनपॉइंटर खड्ड्यात घातला, तर तो कर्कश वाजायला लागला. बाहेर काढला की गप्प. आत घातला की पुन्हा तेच.

दुसरा कोणीही असता तर त्याने खड्ड्याची कड दोन बोटं खरवडली असती. रॉयस्टनने वही काढली आणि मला हाक मारली.

"लोर्ना, इकडे ये. माझा फोन धर. तीन मिनिटं चित्रण लागतं, मध्ये थांबायचं नाही."

"आधी कडेची माती तर काढून बघ."

"माती हलवली की पुरावा बिघडतो. कलम सात." त्याने गळ्यातला कागद उचलून दाखवला.

"अरे, वाजतंय म्हणजे असेल काहीतरी."

"दिसतंय का तुला काही?"

मी वाकून पाहिलं. चष्मा गाडीत होता. तपकिरी चिकणमाती. "नाही," मी म्हटलं.

"मग झालं. यंत्राच्या क्रमांकावर धर. क्रमांक चौकटीतून बाहेर जाता कामा नये."

तीन मिनिटं मी तो चौदा आकडी क्रमांक डोळ्यांत तेल घालून चौकटीत धरून ठेवला. हात भरून आला. रॉयस्टन पिनपॉइंटर आत-बाहेर करत होता आणि यंत्र कसं खोटं बोलतंय ते मोठ्याने सांगत होता. इतकं आनंदी मी त्याला क्वचितच पाहिलंय. मग त्याने खड्डा भरला, पायाने दाबला, वर सड नीट बसवले. रॉयस्टनने बुजवलेला खड्डा खुद्द त्यालाही पुन्हा सापडत नाही, असं स्टेनेट कौतुकाने म्हणायचा. खड्डा बुजवून झाला तसा रॉयस्टन घरी गेला, कारण बिघाड दिसल्यापासून एका दिवसाच्या आत तक्रार करायची अट होती. दहाव्या दिवशी तो आलाच नाही. तक्रारीचं पत्र तिसऱ्यांदा लिहीत होता.

कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. इतका स्पष्ट पुरावा आम्ही पाहिला नव्हता, क्षमस्व, नवा पिनपॉइंटर पाठवतो, जुना परत नको, फक्त त्याचे दोन तुकडे करून फोटो पाठवा. रॉयस्टनने जुना पिनपॉइंटर शिकंज्यात धरला आणि करवतीने मधोमध कापला. एका वायरचीही कड फाटू दिली नाही, असं त्याने मला स्वतः सांगितलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सातला आमची बैठक होती. दर महिन्याला सगळे आपापली सापडलेली वस्तू टेबलावर मांडतात, प्रत्येक वस्तूपुढे एक कप, आणि आवडेल त्या कपात प्रत्येकाने एक सुका वाटाणा टाकायचा. ज्या कपात जास्त वाटाणे ती महिन्याची सर्वोत्तम वस्तू. वाटाणे रॉयस्टनच आणतो, निवडून. त्या दिवशी त्याने 'ग्राहकाने आपला हक्क कसा मिळवावा' यावर पंधरा मिनिटं मागून घेतली होती. टेबलावर त्याने कापलेले दोन तुकडे ठेवले आणि शेजारी नवं खोकं, सीलबंद. मग दिवे मंद करून भिंतीवर चित्रण लावलं.

भिंतीवर खड्डा बैलगाडीच्या चाकाएवढा दिसत होता. क्रमांक ठळक, मध्यभागी, हलत नाही. मला उगाच अभिमान वाटला. पहिलं मिनिट होत आलं तेव्हा इयानने तोंडातलं बिस्कीट चावायचं थांबवलं.

"थांबव ते. क्रमांकाच्या डावीकडे बघा," तो म्हणाला.

खड्ड्याच्या कडेत, मातीतून नखाएवढी पिवळी कड बाहेर आलेली होती. चांदी मातीत काळी पडते, तांबं हिरवं होतं. सोनं हजार वर्षांनीही पिवळंच निघतं, आणि त्या खोलीत हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. रॉयस्टनने चित्रण पुढे सोडलं. पिनपॉइंटरचं टोक त्या कडेकडे गेलं की आवाज वाढत होता, दूर गेलं की उतरत होता. दर वेळी तेच, अगदी इमानाने. त्यावर रॉयस्टनचा आवाज, की हे पाहा, इथे काहीही नाही. मग त्याने विचारलेलं, दिसतंय का तुला काही. आणि माझा आवाज, नाही.

त्याने ते तीनदा पाहिलं. शेताला कुंपण पडून तीन आठवडे झाले होते, केबलसाठी चर खणून माती वरखाली झाली होती, फाटकावर पहारा होता. इयानने फोन काढला आणि कोणाला लावावा ते न सुचून परत खिशात घातला. मला रडू येत होतं. मी म्हटलं, रॉयस्टन, मी चष्मा लावायला हवा होता.

"तू क्रमांक चांगला धरला होतास," तो म्हणाला. मग, "म्हणजे यंत्र चांगलं होतं."

त्याने कापलेले दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले.

"एकतीस वर्षांत मी चांगला माल कधी नापास केला नाही, लोर्ना," तो म्हणाला, आणि मग, "निदान मला तसं वाटत होतं."

दिवे लागले. कोणीतरी म्हणालं की आज मतदान राहू दे. रॉयस्टन म्हणाला, राहू का दे, दर महिन्याला होतं. त्याने एक रिकामा कप आणून कापलेल्या तुकड्यांपुढे ठेवला, पिशवीतून एक वाटाणा घेतला आणि उजेडात न धरता, न तपासता कपात टाकला. मग बाकीचे एकेक करून उठले. इयान सगळ्यांत शेवटी उठला. दुसऱ्या कुठल्याही कपात वाटाणा पडला नाही.

मी नोंदवही उघडली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, सोन्याची, न काढलेली. पुढचा रकाना शोधणाऱ्याच्या नावाचा. मी रॉयस्टनकडे पाहिलं.

"माझं लिहू नकोस," तो म्हणाला.

मी तुकड्यांकडे न बघताच तिथे चौदा आकडे लिहिले.