नातीच्या बाप्तिस्म्यास घेतलेली हरकत

तक्रारदार: मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणे, धर्म ख्रिस्ती, राहणार भिवंडी.
जाबदेणार: माझी एकुलती एक मुलगी, शाळेत विज्ञान शिकवते.
घटनेचा दिवस: नाताळानंतरचा पहिला रविवार, उपासनेहून आल्यावर, जेवणाची वेळ.
साक्षीदार: जावई. वडप्याच्या गोदामातली शिफ्ट संपवून थेट आलेला. त्याने ताटावरची मान वर केली नाही.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. परक्यांची नावे मी आयुष्यभर लिहिली. घरच्यांची लिहिण्यास हात धजत नाही.

हकिगत अशी. ईस्टरला नातीचा बाप्तिस्मा करण्यास पाळकसाहेब तयार होते. त्यासाठीचा पांढरा झगा माझ्या पत्नीने नात जन्मण्यापूर्वीच, आजारपणात शिवून ठेवला होता. नात पाहण्यास ती राहिली नाही. मी ताटावर विषय काढला. मुलगी म्हणाली, "पप्पा, बाप्तिस्मा होणार नाही. मी देव मानत नाही. जे मी मानत नाही, ते पोरीच्या डोक्यावर ओतणार नाही."

भिवंडीतील कित्येक गोदामांचे तंटे ज्याच्या हातून कागदावर उतरले, तो मनुष्य अशा वाक्याने गप्प बसत नाही. मी म्हणालो, "अर्ज आहे, त्या अर्थी तो लिहिणारा आहे. मग एवढे विश्व लिहिणाऱ्यावाचून झाले?"

"मग लिहिणाऱ्याला कोणी लिहिलं?"

"मालकीची साखळी पहिल्या मालकापाशी थांबते. त्याच्या मागे मालक विचारत नाहीत."

"मग ती विश्वापाशीच थांबवा की! एक मालक कमी."

मी साक्षीपुराव्याकडे वळलो. प्रभू मेलेल्यांतून उठला हे पाहणारे साक्षीदार होते, असे म्हणताच ती हसली.

"साक्षीदार? पप्पा, तुमच्या टेबलापाशी साक्षीदार कोण असतो? चहावाला! दिघाशीहून कोणी आजोबा आले की हा सही ठोकतो, 'मैं इनको बचपन से जानता हूँ.' आणि आजोबांची पाठ वळली की तुम्हालाच विचारतो, 'चाचा, वो बुड्ढा कौन था?'"

जावयाला ठसका लागला. चहावाल्याची सही ही आमच्या धंद्यातील जुनी रीत आहे, तिचे समर्थन येथे करीत नाही. मी एवढेच म्हणालो, "चहावाल्याला उलटतपासणीस बोलावले की तो मुलखाला पळतो. प्रभूचे साक्षीदार पळाले नाहीत. मार खाल्ला, जीव दिला, जबाब बदलला नाही."

ती म्हणाली, "बरं. हा मुद्दा चांगला आहे." मग हळू म्हणाली, "आणि मम्मीचा अर्ज?"

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. चर्चची अख्खी मंडळी प्रार्थनेस बसली, पाळकांनी तिच्या कपाळाला अभिषेकाचे तेल लावले. ती डायलिसिसच्या खुर्चीत बसूनही देवाचे आभार मानीत असे.

"तेव्हा कुठे होता तो?"

"पोच आली नाही, म्हणून कचेरीच नाही, असे ठरत नाही."

"कायमची बंद कचेरी आणि नसलेली कचेरी. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय फरक पडतो, पप्पा?"

मी उलट विचारले, "जो नाहीच, तो कुठे होता म्हणून का विचारतेस?"

"लहान मूल अंधारालाही हाक मारतं," म्हणून ती ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी एक छापील पत्रक दिले, वादाने आत्मे जिंकले जात नाहीत असे सांगितले, आणि निघताना मंडळीच्या नळजोडणीचा अर्ज लिहून मागितला. मी लिहून दिला. पत्रकात विश्वाच्या घड्याळाची आणि घड्याळजीची गोष्ट होती. डायलिसिसच्या खुर्चीविषयी अवाक्षर नव्हते.

माझे म्हणणे नोंदवून ठेवतो. विश्वाविषयी आणि साक्षीदारांविषयी मी मांडलेला एकही मुद्दा मागे घेत नाही. परंतु पत्नीच्या शवपेटीपाशी "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात" असे मला ऐकवणारे जे भाऊबंद होते, त्यांच्यापेक्षा माझी नास्तिक मुलगी मला अधिक प्रामाणिक वाटते. असल्या उत्तरांनीच ती प्रभूच्या देवळाबाहेर गेली. तिला मी एकच गोष्ट सांगू शकलो असतो, ती ताट घेऊन उठल्यावर सुचली: मीही त्याच बंद दारासमोर उभा आहे, आणि तिच्याहून जास्त संतापलेला आहे. अंधारावर मनुष्य एवढी वर्षे रागावत नाही. हा पुरावा कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरणार नाहीत, हे मी जाणतो. मजजवळ दुसरा नाही.

सबब, जो सर्वांचे ऐकतो असे आम्हांस शिकवले गेले, त्याच्या चरणी विनंती की, माझ्या पत्नीच्या अर्जाचे उत्तर द्यावे. ते मला नको. माझ्या मुलीस, तिला पटेल अशा रीतीने द्यावे. उत्तरास मुदत आहे. काल मुलगी शाळेत असताना मी नातीला तो झगा घालून पाहिला. बाह्या दंडाला तंग होऊ लागल्या आहेत.