गारगोटीचा पिवळा

शाळा माझी चौथीपर्यंत. पण दगडाचा काप काढायला माझ्यासारखा हात जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि जन्म दगड घासण्यात गेला. दगडाची चकती काचेवर चिकटवायची, ओल्या पावडरीवर घासत केसापेक्षा पातळ करायची. मग दगडातून उजेड आरपार जातो आणि शिकलेली माणसं त्यात काय काय वाचतात. निवृत्त झालो तरी अवघड दगड आला की कागलच्या घरून मलाच बोलावून घेतात.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. शिकवता शिकवता पीएचडी करणाऱ्या. घाटाखालच्या जुन्या खाणीतला क्रोमाईटचा दगड आणलेला. हिरवट, मऊ, आणि त्यात काळे टणक दाणे. जमिनीच्या पोटात फार खोल शिजलेला दगड हा. काळा दाणा आधी गोठला की हिरवा, ते दोघांच्या शिवेवर कळतं, म्हणाल्या. खाणीत आता पाणी भरलेलं. हा शेवटचा तुकडा.

"मामा, दोनच काप निघतील यातून."

"एकातच भागंल की, ताई. दुसरा शोकेसात ठेवा."

या दगडात गार, म्हणजे गारगोटी, नसते. म्हणून मी शेजारी गारगोटीची कपची चिकटवतो आणि तिच्यावरून जाडी ओळखतो. मायक्रोस्कोपखाली गार पिवळी दिसली तर काप अजून जाड. पांढुरकी झाली की हात थांबवायचा.

त्या दिवशी गार पिवळीच राहिली. घासलं, धुतलं, बघितलं. पिवळी. परत घासलं. पिवळी. बोट सांगत होतं बस, डोळा सांगत होता अजून. मी डोळ्याचं ऐकलं. बघता बघता हिरवा भाग वाहून गेला आणि काचेवर तिळासारखे सुटे काळे दाणे उरले. शीव कुठली न् काय कुठलं!

मला तेव्हाच कळलं. बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, "धोतर पिवळं धुतलं म्हणून भांडताय. धोतराला काय झालंय? डोळं दाखवा जावा." मी म्हणायचो, साबण बदल.

बाई चहा पिऊन आल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"दगडच कुजका असेल, मामा. तुमच्या हातून असं व्हायचं नाही."

'व्हय' अगदी ओठावर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण मग दुसरा कापही त्यांनी माझ्याच हाती दिला असता.

"दगड चांगला हाय," मी म्हटलं. "मोतीबिंदू हाय मला. पांढरं बी पिवळं दिसतंय. घरी बी कबूल केलं न्हाई अजून."

त्यांनी उरलेला तुकडा हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "दुसरा पुण्याला पाठवू का? तिथं मशीन आहे."

कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. "पाठवा. मऊ न् टणक एका जागी आलं की मशीन दाणं उपटतंय, एवढं सांगतो. न्हाईतर हात माझा, डोळा तुमचा."

त्यांनी तो शेवटचा तुकडा मुठीत धरला, उघडून बघितला, परत धरला. आणि माझ्यापुढं ठेवला.

मी घासायचं, धुवून द्यायचं, त्यांनी बघायचं.

"पिवळी."

"अजून पिवळी."

"फिक्कट."

जन्मात कुणाच्या सांगण्यावर हात चालवला नव्हता. पावडरीवर चार फेरे मारले.

"थांबा!"

थांबलो. त्यांनी काच सरकवत सरकवत बघितली. नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचंही सुचेना.

"शीव आहे, मामा. काळा दाणा हिरव्याच्या पोटात अख्खा बसलाय. काळाच आधीचा."

"नक्की न्हवं?"

"या, बघा की."

"ऱ्हाऊ दे. डोळा तुमचा," म्हटलं आणि आधी स्टूल ओढून बसलो. नळ मग बंद केला.