जेलरच्या हातचं झाकण

माझ्या मावशीचा एका जेलरवर जीव आहे, आणि काकांना ते ठाऊक आहे. घरी कुणी आलं आणि मावशी दिसली नाही, की तेच सांगतात, "बसा. ती आत आहे, जेलरबरोबर."

आलेला माणूस चपापतो. मग आतून टकटक टाइप केल्याचा आवाज येतो आणि काका पेपरात डोकं घालतात.

हा जेलर एका टीव्ही मालिकेतला. सव्वीस भाग होते, संपून नऊ वर्षं झाली. त्यात तो जे करतो ते वाईटच. कैद्यांची पत्रं फाडतो, त्यांचं पाणी तोडतो, विसाव्या भागात तर कैद्यांच्या वकीलबाईंना जिन्यावरून ढकलतो. बोलतो म्हणजे गुरगुरतो. फक्त अकराव्या भागात, कचेरीत एकटा असताना, तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघतो. चार सेकंद. मावशीने मला घड्याळ लावून मोजायला लावली होती.

या चार सेकंदांवर आजवर नऊशे गोष्टी लिहून झाल्या आहेत. लिहिणारे म्हणजे मावशीसारखेच, नोकऱ्या करून उरलेल्या वेळात लिहिणारे चारशे लोक. त्यांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिचं नावच 'खिडकी'. एकीने लिहिलं, जेलर तेव्हा आपल्या मिरचीच्या रोपांकडे बघत होता. झालं, जेलरला बागकाम चिकटलं. एकाने लिहिलं, त्याला कबुतरांची भीती वाटते. लगेच पुढच्या पन्नास गोष्टींत कबुतरं आली. तिसरीने त्याला दूरच्या गावी एक थोरली बहीण दिली, तिला लिहायला पत्रं दिली. दर वर्षी जेलर थोडा थोडा मऊ होत गेला. आता नवी माणसं आधी गोष्टी वाचतात, मग हौसेने मालिका बघायला बसतात आणि हबकतात. मागे एका मुलीने तावातावाने लिहिलं, "मालिकावाल्यांना जेलर कळलेलाच नाही." एकशे दहा जणांनी तिला दुजोरा दिला. त्यात मावशीही होती.

"अगं, पण जेलर त्यांचाच ना?" मी विचारलं.

"जन्म दिला म्हणून काय झालं?" मावशी म्हणाली. "वाढवला कुणी?"

पोटापाण्यासाठी मावशी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात. ती त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते आणि त्यात एकेक दात बसवते. मेण गरम करायची बारकी ज्योत, गुलाबी भुकटी, टेबलावर ओळीने वासलेले पांढरे जबडे, आणि त्या सगळ्यांशी गप्पा मारणारी मावशी. एकदा तिने एका आजोबांचे दात असे काही बसवले, की आजोबा कायम हसऱ्या चेहऱ्याचे दिसू लागले. त्यांची सून तक्रार घेऊन आली.

"हे आमचे मामंजी वाटतच नाहीत हो."

"मग जुने चिडके परत करून देऊ?"

सुनेने जरा विचार केला. "राहू द्या," म्हणाली.

आता झाकणाचं. काका नळदुरुस्ती करतात. चाळीस वर्षं हातात पाना असलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट हलकेच बंद करता येत नाही. त्यांनी लावलेली बरणी, त्यांनी बंद केलेला नळ, त्यांनी मारलेली गाठ, तिन्ही गोष्टी उघडायला दुसरा पुरुष लागतो. सकाळी ते मावशीची पाण्याची बाटली भरतात आणि झाकण असं आवळतात की जणू धरण फुटणार आहे. "सांभाळून जा", "उन्हात फिरू नकोस" वगैरे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. जे काय आहे ते त्या झाकणात. कवळीच्या लॅबमध्ये पॉलिश करणारा दांडगा गडी रोज दुपारी दोन गुडघ्यांत बाटली धरून ते उघडून देई, आणि रोज संध्याकाळी मावशी घरी येऊन म्हणे, "आज परत दमवलंत त्याला."

काका पेपर उघडत. पण खूष होत. कान हलत त्यांचे.

मावशीने हे उचललं आणि जेलरला देऊन टाकलं. अगदी सुरुवातीला, 'पाणवठा' हे टोपणनाव घेऊन लिहिलेल्या गोष्टीत. तुरुंगातून निघालेल्या वकीलबाईंना जेलर पाण्याची बाटली देतो, एक शब्द बोलत नाही, आणि ते झाकण बाईंना स्टेशनापर्यंत उघडत नाही. खिडकीत दंगा उडाला. तेव्हापासून जेलर झाकणं घट्टच लावतो. शाईच्या दौती, औषधाच्या बाटल्या, बहिणीला पाठवायचे डबे. लोक छातीठोक सांगतात, सहाव्या भागात तो असं करतो म्हणून. सहाव्या भागात तो एका म्हाताऱ्या कैद्याचं पांघरूण काढून घेतो. 'पाणवठा'चा पासवर्ड मावशी पुढे विसरली आणि तिने नवं नाव घेतलं. झाकण नऊशे गोष्टींत हिंडत राहिलं.

मागच्या वर्षी एका दुपारी पॉलिशवाल्याने बाटली हातात घेतली, नुसता अंगठा लावला, आणि झाकण सुटलं.

"मावशी, काकांशी भांडण झालं का हो?"

"नाही रे. का?"

"मग काळजी घ्या. रुसलेत ते."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मावशीने बाटली त्याच्याकडे नेलीच नाही. घरी तिने बघायला सुरुवात केली. काका चहाचा कप डाव्या हातात धरत होते. शर्टाची वरची गुंडी उघडीच राहत होती. कामाला बोलवायला फोन आला की म्हणत होते, "या आठवड्यात वेळ नाही," आणि आठवडाभर गॅलरीत बसत होते.

"अहो, हाताला काय झालंय?"

"कुणाच्या?"

"माझ्या! कुणाच्या म्हणे."

"काही झालेलं नाही."

"झाकण सैल लागतंय."

"बाटली जुनी झाली."

तिने नवी बाटली आणली. तिचंही झाकण दोन दिवसांत जुनं झालं. डॉक्टरांचं नाव काढलं की काका चपला घालून बाहेर. मी एकदा मध्ये पडले तर मला म्हणाले, "तू तुझ्या नाटकाच्या तालमीला जा. इथे नाटक नकोय."

तेव्हा मावशीने झाकणाचा विषय सोडला, आणि जे तोंडाने बोलता येईना ते जेलरकडून बोलवून घेतलं. तिच्या गोष्टीत जेलर म्हातारा झालाय, निवृत्त झालाय. वकीलबाई भेटायला येतात. निघताना तो नेहमीसारखी बाटली भरून देतो. बाईंचा हात लागतो आणि झाकण सुटतं. त्या क्षणभर थांबतात, झाकण परत बसवतात, आणि त्याच्यासमोर दातओठ खाऊन, लालबुंद होऊन जोर लावल्याचं सोंग करतात. "किती घट्ट लावता हो तुम्ही," म्हणतात. जेलर खिडकीकडे वळतो.

मी वाचली आणि उठून तोंड धुऊन आले.

त्याच सुमारास 'खिडकी'ने ठरवलं की निवडक वीस गोष्टींचं पुस्तक छापायचं. खरं, कागदाचं. मावशीची ही गोष्ट निवडली गेली. नऊ वर्षांत तिचं एक अक्षर छापून आलं नव्हतं. तिने लॅबमध्ये सगळ्या जबड्यांना सांगितलं, पॉलिशवाल्याला सांगितलं, घरी कपाटातले जुने टॉवेल हलवून पुस्तकाला जागा केली. आणि मग संपादिकेचा फोन आला. बाई पोस्टात कामाला, स्वभावाने नेटकी. मावशी तिला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणते.

"ताई, गोष्ट सुरेख आहे. मी रडले. पण हा जेलर नाही."

"म्हणजे?"

"झाकण, ताई. जेलर सैल झाकण लावणार नाही. समितीत सगळ्यांचं एकमत झालं. तुम्ही एकदा मूळ मालिका परत बघा ना."

मावशीने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. मग परत कानाला लावला.

"मूळ मालिकेत झाकण नाहीये."

"सहावा भाग."

"सहाव्यात पांघरूण आहे."

"ते असेल. पण झाकणाची पहिली गोष्ट 'पाणवठा' यांची. आम्ही पुस्तक त्यांनाच अर्पण करतोय. त्या आता लिहीत नाहीत, बहुतेक गेल्या असाव्यात. त्यांनी हे वाचलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं?"

"काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं हो."

"अगं बाई, मीच ती पाणवठा!"

फूटपट्टीने सुस्कारा सोडला. "तुम्ही तिसऱ्या, ताई. या महिन्यातल्या."

रविवारपर्यंत मुदत मिळाली. झाकण घट्ट केलं तर गोष्ट पुस्तकात, नाहीतर नाही. मावशी फोन ठेवून हसत सुटली. हसू थांबल्यावर तशीच बसून राहिली.

काका पेपरामागून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

"काय?"

"जेलर घट्टच लावतो. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना कुणी सांगितलं? मी. आणि मला कुठून कळलं?"

काकांनी पान उलटलं. डाव्या हाताने. "चारशे लोक वाचतात तुझं. उद्या त्यातल्या एकाच्या घरी नळ गळायला लागला, तर तो मला बोलावेल का?"

"अहो, त्यांना कुठे माहीत आहे तुम्ही जेलर आहात ते?"

"मला माहीत आहे ना."

मावशी उठली. ती आत गेली. या माणसाला दुखवून झाकण सैल ठेवायचं नाही, हेही खरं. आणि त्याला दुखवायचं नाही म्हणून झाकण घट्ट करून पुस्तकात जायचं, हे आणखी विचित्र. थोड्या वेळाने टकटक ऐकू आली. रीत अशी की लिहिलेलं ती मोठ्याने वाचते आणि काका ऐकत नसल्याचं दाखवतात.

"'जेलरने झाकण असं आवळलं,'" आतून आवाज आला, "'की बाईंची बोटं लाल झाली. शेवटी शेजारच्या प्रवाशाने ते उघडून दिलं.' झालं. संपली गोष्ट."

"आणि त्याचा हात?" काकांनी विचारलं.

"कुठला हात? ठणठणीत आहे त्याचा हात."

काकांनी पेपर खाली घेतला.

"ते मधलं कुठे गेलं? ती बाई जोर लावल्याचं सोंग करते ते."

"काढलं. झाकण घट्ट असेल तर सोंग कशाला?"

"ते चांगलं होतं."

मावशी दारात येऊन उभी राहिली. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझा तो पॉलिशवाला. परवाच म्हणालीस, आज परत दमला म्हणून."

मावशी चौकटीला टेकली.

"काल पण म्हणालीस."

"सात महिने झाले," मावशी म्हणाली. "बिचारा अगदी निवांत आहे."

काकांचे कान हलले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घालायला घेतली. ती नीट जमेना, तेव्हा मावशी पुढे झाली, आणि त्यांनी पहिल्यांदाच तिला घालू दिली.

"जुनीच पाठव," ते म्हणाले.

"छापणार नाहीत."

"नाही तर नाही. आपलं जेलरबद्दलचं ज्ञान कमी नाहीये."

फूटपट्टीला खरंच वाईट वाटलं. तिने गोष्ट पुस्तकात घेतली नाही, पण 'खिडकी'वर लावायची परवानगी दिली, वर एक सूचना जोडून: "या गोष्टीतला जेलर मूळ जेलरशी जुळत नाही, वाचकांनी नोंद घ्यावी." मावशीने ती सूचना लॅबच्या भिंतीवर चिकटवली आहे, जबड्यांच्या वर. पुस्तक यथावकाश आलं, 'पाणवठा यांच्या स्मृतीस'. मावशीने दोन प्रती विकत घेतल्या.

पण त्याच्या आधी, सूचना लागली त्याच आठवड्यात, मी काका-मावशीला दवाखान्यात घेऊन गेले. काका वाटेत तीनदा म्हणाले की आपल्याला बरं वाटतंय. डॉक्टर तरुण होता. त्याने काकांचं मनगट दाबलं, बोटं वाकवायला सांगितली, अंगठ्यापाशी थांबला.

"कधीपासून आहे हे?"

"दोन आठवडे," काका म्हणाले.

"सात महिने," मावशी म्हणाली.

"ते जेलरचं. माझं दोन आठवडे."

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. "जेलर कोण?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे. काका थोडा वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो डॉक्टरपुढे टेबलावर ठेवला.

"सात महिने," ते म्हणाले. "लिहा."