ती पहिल्यांदा चालली तेव्हा

मुलीला साडेचार महिने झाले आणि माझ्या बायकोची बाळंतपणाची रजा संपली. ती नर्स होती. मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तिची नेमणूक, आणि आमचं घर शहापूरजवळ, सापगावच्या बाजूला. सकाळची एसटी धरून ती जायची ती संध्याकाळी साडेपाचला परतायची. मी ज्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनवायचो, तो त्याच हिवाळ्यात बंद पडला होता. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. घरात उरलो मी आणि माझे वडील. त्यामुळे मुलीला कोण सांभाळणार, यावर फार चर्चा करायची वेळच आली नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा बाप्या माणसाने तान्ह्या पोराला आंघोळ घालणं म्हणजे बघायला जाण्यासारखी गोष्ट होती. बायकोने मला आठ दिवस रीतसर शिकवलं. वाटीतलं दूध चमच्याने कसं पाजायचं, लंगोट किती घट्ट बांधायचा, ढेकर येईपर्यंत खांद्यावर कसं धरायचं. बाटली घरात आणायची नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. नवव्या दिवशी ती कामावर गेली आणि मी मोरीत पाय लांब करून, मुलीला पायांवर पालथी घेऊन बसलो. शेजारची काकी कुंपणापाशी उभी राहून पूर्ण आंघोळ होईपर्यंत बघत होती.

"बाईमाणसाचं काम रे ते," ती म्हणाली, "तुला नाय जमायचं."

जमलं. निदान मुलीने तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी तीच काकी स्वतःच्या नातवाला खोकला झाला म्हणून मला विचारायला आली. नर्सचा नवरा म्हणजे मलाही थोडंफार कळत असणार, असा तिचा हिशेब. मी तिला उपकेंद्राची वेळ सांगितली. त्यावर तिचं समाधान झालं नाही.

वडील या सगळ्यापासून लांब असायचे. ओटीवर बसून दोर वळायचे, रेडिओ ऐकायचे. नातीवर त्यांचा राग नव्हता. तिच्या झोपेच्या वेळी ते रेडिओचा आवाज न सांगता कमी करत. पण तिला उचलून घेत नसत. मी एकदा दूध उतू चाललं म्हणून तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेलो, तर ते उठून उभे राहिले. त्यांच्या काळात बापाने चारचौघांत पोर उचलायचं नाही, अशी रीत होती. मोठ्यांसमोर तर नाहीच. ती रीत त्यांच्या हातांतच बसली होती.

एप्रिलमधली एक दुपार होती. बाहेर शेतात पालापाचोळ्याचा राब भाजलेल्याचा वास येत होता. मी मुलीला गोधडीवर उताणी निजवली होती आणि शेजारी बसून तिचे लंगोट घडी करत होतो. ती एका कुशीवर झाली. तशी ती दोन दिवस होतच होती, कुशीवर व्हायची आणि पुन्हा धपकन मागे यायची. या वेळी ती तिथेच थांबली, तोंड लाल केलं, वरचा पाय पुढे टाकला आणि सबंध पालथी पडली. खालचा हात अडकला होता. तो तिने कण्हत कण्हत सोडवला, मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू हे तिने नव्हे, मीच काहीतरी केलंय.

मला राहवेना. साडेपाचच्या आधीच तिला कडेवर घेऊन मी थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बायको एसटीतून उतरायच्या आत, ती पायरीवर असतानाच, मी सांगून टाकलं. ती हसली. बरोबर वेळेवर आहे म्हणाली, पाचव्या महिन्यात पालथं पडायलाच हवं. वाटेत तिने मुलीला घेतलं, तिचा पापा घेतला, सगळं नेहमीसारखं. घरी आल्यावर मोरीत हात धुताना मात्र ती पाठमोरीच म्हणाली,

"दिवसभर मी दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करते. त्यांच्या आयांना विचारते, मान धरतो का, पालथा पडतो का. आणि माझी पालथी पडली, ते मला थांब्यावर कळतं."

ती रडली वगैरे नाही. हात पुसून चहा टाकायला गेली. पण मी तिथेच ठरवलं की यापुढे मुलीने काहीही नवीन केलं तरी आधी सांगायचं नाही. ती जे पहिल्यांदा बघेल, तेच पहिलं. वडील ओटीवर होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

काही गोष्टी तिला खरोखरच बघायला मिळाल्या. वैशाखी पौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो होतो. मुलीलाही काकीने शिवून दिलेलं पांढरं झबलं घातलं होतं. वंदना चालू असताना बायकोने तिला समोर सतरंजीवर टेकवली, आणि हात सैल केले तर ती तशीच बसून राहिली. पाठीला कोणाचाही आधार नाही. आम्ही दोघं हात जोडलेले, डोळे मिटायचे ते उघडे. चार-पाच श्वास ती बसली, मग हळूहळू डावीकडे कलली आणि शेजारच्या आजींच्या मांडीवर जाऊन पडली. त्या आजी वंदनेत न थांबता तिला थोपटत राहिल्या. बायकोचा चेहरा मी बघत होतो. त्या दिवशी तिने जेवणात गोडाचं केलं आणि कारण विचारलं तर पौर्णिमा आहे म्हणाली.

पहिला दातही तिलाच सापडला. पेज भरवताना चमचा टिक्कन वाजला.

रांगण्याची गोष्ट वेगळी. जुलैत लावणीचे दिवस होते, आठवा-नववा महिना. मुलगी आधी मागे मागे जायची. पुढे पडलेल्या डब्याकडे बघत हातांनी जोर लावायची आणि डबा आणखी लांब जायचा. तिला ते कोडं सुटत नव्हतं. एकदा अशीच मागे सरकत सरकत खाटेखाली गेली आणि तिथून ओरडायला लागली. वडील त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

दोन दिवसांनी मी मागच्या दारी लंगोट धूत होतो. सारवलेल्या जमिनीवर तिला सोडली होती. वडिलांची पानतंबाखूची चंची ओटीवर त्यांच्या शेजारी पडली होती, लाल कापडाची. मी ओले हात झटकत आत आलो, तर मुलगी खोलीत नव्हती. उंबऱ्यातून बघितलं. ती ओटीवर पोचली होती आणि वडिलांच्या हातात होती. दोन्ही हात लांब करून, भरलेली घागर धरावी तशी त्यांनी तिला धरली होती. ती चंचीकडे झेपावत होती.

"काठावरून पडली असती," ते म्हणाले. जसं काही मी जाबच विचारला होता.

मी तिला घेतलं नाही. मुद्दाम उंबऱ्यातच बसलो. थोड्या वेळाने त्यांचे हात आखडले, तशी ती त्यांच्या मांडीवर आली. मग त्यांनी तिला चंचीची दोरी धरायला दिली.

ती रांगली कशी, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की उंबऱ्यापाशी थांबली, एक हात पलीकडे ठेवला, विचार केला आणि आली. मला एकदम वाटलं म्हणून मी विचारलं, "बाबा, मी कवा चाललो होतो? किती महिन्यांचा होतो?"

ते दोरीकडे बघत राहिले.

"तुझ्या आयेला ठावं होतं," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. फक्त एवढं लक्षात आलं की माझ्या पहिल्या वर्षातलं कोणालाच काही माहीत नाही. मी कधी पालथा पडलो, पहिल्यांदा काय बोललो, ते जिने बघितलं ती गेली, आणि जे घरात होते ते दुसरीकडे बघत होते.

त्या संध्याकाळी बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं, आज काय केलं हिने. मी म्हणालो, दूध प्यायली, झोपली, एकदा अंगावर ओकली. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि रेडिओ लावला.

रविवारी बायको घरी होती. मुलगी तिच्या डोळ्यांसमोर तांदूळ निवडायच्या सुपापर्यंत रांगत गेली. बायकोने सूप बाजूला टाकलं, काकीला हाक मारली. मी आश्चर्याने कपाळावर हात मारला. जरा जास्तच जोरात मारला असणार, कारण वडील खोकत बाहेर निघून गेले.

बोलण्याच्या बाबतीत मात्र मुलीने सगळ्यांना सारखंच वागवलं. आई नाही, बाबा नाही, आजोबा नाही. रोज संध्याकाळी आम्ही थांब्यावर उभे राहायचो आणि मी लांबून येणारी गाडी दाखवून म्हणायचो, एसटी आली, एसटी. सप्टेंबरात एक दिवस गाडी वळणावर दिसली आणि ती माझ्या खांद्यावरून बोट दाखवून स्पष्ट म्हणाली, "टी." मग बायको उतरली, तरी ती बायकोकडे न बघता सुटलेल्या गाडीकडेच बघून टी, टी करत होती. बायको म्हणाली, नऊ महिने पोटात मी वागवली आणि नाव घेते ती गाडीचं. पण दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला तिने ही गोष्ट सांगितली होती.

दिवाळीच्या आधी भात कापणीला आलं. वडिलांचा गुडघा त्या वर्षी फार दुखत होता, त्यांना वाकता येईना. म्हणून कापणीला मी जायला लागलो आणि सकाळचे तीन-चार तास मुलगी वडिलांजवळ राहायला लागली. काकी मधूनमधून डोकावायची. मला काळजी होती, पण दुपारी घरी यावं तर दोघं ओटीवर सुखाने बसलेली. मुलगी त्यांच्या खांद्याला धरून उभी, आणि ते मान न हलवता बसलेले, कारण मान हलवली तर ती पडेल.

एका रविवारी आम्ही चौघंही घरात होतो. मुलगी मधल्या खांबाला धरून उभी होती. बायको समोर केस विंचरत बसली होती. मुलीला तिच्या हातातली फणी हवी होती. तिने खांब सोडला. एक पाऊल टाकलं, डोलली, दुसरं टाकलं, मग तिसरं-चौथं एकदमच, आणि आईच्या गळ्यात पडली. बायकोने फणी तिच्या हातात देऊन टाकली. मीही खरोखर पहिल्यांदाच बघत होतो, या वेळी नाटक करायची गरज नव्हती.

तेवढ्यात मागून वडील म्हणाले, "आरे वा. चालली की रे पोर. वा."

वडील असं कधी बोलत नसत. एवढं मोठ्याने तर नाहीच. मी वळून बघितलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला होता, आणि ती हात ठेवायची तऱ्हा माझ्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर भारे रचायला ते काठी टेकत आले होते. मी त्यांना विचारलं, बाबा, ती आधीच चालली होती ना.

त्यांनी भाऱ्यातली एक काडी उपसली आणि दातांत धरली.

"चार दिस झाले," ते म्हणाले. "तू हिकडं कापणीला होतास, ती तिकडं कामाला. मी म्हटलं, तुमी दोघं बघाल तवा बघाल. मी कशाला सांगू."

"किती चालली?"

"पाच पावलं. खांबापासनं माझ्यापर्यंत." मग थांबून म्हणाले, "तुझं नाय बघितलं मी. हिचं बघितलं."

मी भारा उचलून रचायला लागलो. काही बोललो असतो तर ते अवघडून तिथून उठून गेले असते. त्यांनी मात्र त्या दिवशी स्वतःहून बरंच सांगितलं. ती आधी हसली कशी, पडल्यावर रडली नाही कशी, आणि काकी नेमकी त्या वेळी पाणी आणायला गेली होती, म्हणून ते दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

बायकोला मी सगळं सांगून टाकलं, वडिलांचंही आणि माझंही. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"सारवलेल्या जमिनीवर रांगणाऱ्या पोरांचे गुडघे कसे होतात, ते मी रोज बघते," ती म्हणाली. "ती रांगली ते मला बुधवारीच कळलं होतं. तुम्ही रविवारपर्यंत कळ काढलीत, म्हणून मी पण काढली."

मी विचारलं, मग त्या रविवारी काकीला हाका मारत सुटलीस ते. ती म्हणाली, ते खरंच होतं, कळणं वेगळं आणि बघणं वेगळं.

मुलीला वर्ष झालं आणि महिनाभरात मला वासिंदच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. आता दिवसभर मुलीजवळ वडीलच राहणार होते. काकी मदतीला होती, पण आंघोळ घालायला वडिलांनी तिला हात लावू दिला नाही. पाय लांब करता येत नव्हते, म्हणून ते पाटावर बसून घालायचे. संध्याकाळी मी थांब्यावर पोचायचो तेव्हा ते नातीचं बोट धरून आधीच येऊन उभे असायचे. मग बायकोची गाडी यायची, आणि आम्ही चौघं घरी निघालो की त्यांचं सुरू व्हायचं. आज कोंबडीच्या मागे धावली. आज माझी चप्पल हौदात टाकली. आज मूठभर माती खाल्ली, मी तोंडातनं काढली, थोडी गेली पोटात. बायको म्हणायची, मातीचं तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण ते काहीच वगळत नसत, घर येईपर्यंत सांगत राहायचे.