पाठमोरी शेवंती

घाटकोपरच्या भटवाडीत, दहा बाय बाराच्या खोलीत, सुयोग परबने दोन सिनेमे काढले. दोन्हींत एकच ओटा, एकच बाई आणि त्या बाईची पाठ. बाई म्हणजे त्याची आई, शेवंती. नटी परवडत नव्हती. कॅमेरा ठेवायलाही जागा एकच, मोरी. स्टँडचे दोन पाय मोरीत, तिसरा उलट्या बादलीवर. तिथून दिसेल ते दृश्य: डावीकडे पाण्याच्या निळ्या पिंपाची कड, उजवीकडे आईची पाठ, मधे भाताची वाफ. बस्स.

पण एका महोत्सवानंतर गंधाली नावाच्या समीक्षकबाईंनी लिहिलं, 'तो निळा पट्टा म्हणजे कोकणात मागे राहिलेला समुद्र, आणि पाठ म्हणजे प्रेक्षकाला दिलेला नकार.' सुयोगने ते वाचलं आणि दाढी वाढवली. घरातही तो पिंपाला पिंप म्हणेना.

शेवंती मात्र दोन्ही सिनेमांच्या वेळी एकच बोलली. "मेल्या, माका तोंड आसा की नाय? गाववाले इचारतत, ही पाठ नक्की कोणाची?"

"आई, चेहरा दाखवला की प्रश्नच संपतो गं."

"मगे संपव ना! माझो खंय संपलो?"

अशात चाळीचा पुनर्विकास आला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, उरली परबांची. एक खोली जरी अडली तरी बिल्डर हलणार नव्हता. सेक्रेटरी विद्याधर नकाशा घेऊन आले, तसा सुयोग मोरीच्या कठड्यावर ठाण मांडून बसला.

"काका, माझी सगळी दृश्यभाषा या मोरीत आहे."

"अरे मग लाद्या उपटून देतो ना, घेऊन जा! सत्तावीस घरांची वाट लावतोस काय?"

खोली शेवंतीच्या नावावर होती. हे सुयोग विसरला होता, विद्याधर नव्हते. शेवंतीने पदराला हात पुसले आणि नकाशावर बोट ठेवलं.

"ह्या वट्याकडे उभी रवलंय, तर तोंड खंय येतला?"

"हॉलकडे, वहिनी. ओपन किचन आहे."

"पेन द्या."

चावी मिळेपर्यंत चार वर्षं बोरिवलीला भाड्याने काढली. सुयोगने एकही शॉट घेतला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, चिंतन चालू आहे.

नव्या घरात शूटिंगच्या दिवशी शेवंती जरीची साडी नेसून, पावडर लावून ओट्यापाशी उभी राहिली. समोर अख्खा हॉल मोकळा. सुयोग कॅमेरा घेऊन त्यात दोनदा फिरला, घामाघूम झाला आणि सरळ तिच्या मागच्या, कपडे-भांडी धुवायच्या ड्राय बाल्कनीत घुसला. तिथे आधीच निळं पिंप आणून ठेवलेलं. चोवीस तास पाणी असलेल्या घरात!

"ॲक्शन!"

शेवंती गर्रकन वळली. थेट भिंगात बघून म्हणाली, "झिला, भायर ये. जेवाण वाढतंय."

"कट! आई, वळू नको ना यार! परत घेऊ."

"परत-बिरत काय नाय. चार वर्सां वळाक थांबलंय."

पाठ करून उभी राहायला ती पुन्हा तयारच झाली नाही. नाइलाजाने सिनेमा त्या वळण्यावरच संपवावा लागला. गंधालीबाईंनी पेपरात सालटी काढली: 'दिग्दर्शकाने आपली दृश्यभाषा गमावली.' वर पुरावा म्हणून चार कॉलमी फोटो, शेवंतीचं तोंड.

सुयोग दोन दिवस जेवला नाही. शेवंतीने कात्रीने फोटो नीट कापून फ्रिजच्या दारावर चिकटवला. खालच्या लेखात कढीपत्ता गुंडाळून ठेवला.