रुखवतातलं हेलिकॉप्टर

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या नात्यातले नाही म्हणून, आणि तुम्ही कुठं बोललात तरी नारायणगावात तुम्हाला ओळखतंय कोण! बघा, इथंही मी आधी तेच चाचपून घेतलं. स्वभावच असा आहे माझा, संशयी. गवळ्यानं दूध घातलं की मी आधी बोट बुडवणार, मग भांडं आत नेणार.

माझा धाकटा भाऊ विलास लष्करात होता, हेलिकॉप्टरं दुरुस्त करायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला त्याचं लग्न ठरलं, शिनोलीच्या मनीषाशी. साखरपुडा झाल्यावर त्यानं तिला एक फोटो पाठवला — हा ऐटीत उभा आणि मागं त्याचं हेलिकॉप्टर. आता रुखवत तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात मुलीकडचे टेबलावर मांडतात, मुलीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू. मण्यांचे मोर, लोकरीची तोरणं, रंगीत तांदळाचे कलश. मनीषाच्या रुखवतात या सगळ्यांच्या मधोमध हेलिकॉप्टर होतं.

काय सांगू तुम्हाला! हातभर लांब. पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेलं, वर गाडीचे पोचे बुजवायची लांबी भरून काचकागदानं घासलेलं. शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणाच्या काचा, सायकलच्या स्पोकवर गरगर फिरणारा पत्र्याचा पंखा. शेपटीवर फोटोतलाच नंबर. खऱ्या हेलिकॉप्टरच्या दाराला एक ठिगळ मारलेलं होतं, ते ठिगळसुद्धा तिनं जराशा वेगळ्या हिरव्या रंगात काढलेलं. विलास फेटा सावरत खाली वाकला, ठिगळावर बोट ठेवलं आणि येईल त्या पाहुण्याला तेच दाखवत बसला. लग्नाचा मुहूर्त चुकतोय की काय, असं भटजींना वाटायला लागलं.

आणि मला काय दिसलं? रंग. त्या रंगावर ब्रशचा एक ओरखडा नव्हता. गाडीला मारतात तसा सपाट, एकसारखा. घरात बसून असा रंग लागतो होय? तेवढ्यात शिनोलीची कुणी बाई बोलून गेली, पोरगी लांबी आणायला घोडेगावच्या एका गॅरेजात जायची. झालं! तिथला मेकॅनिक तरणा आहे, हे मीच पुढं खोदून काढलं. मग मावशीच्या कानाला लागले — हे हिनं नाही केलेलं, गॅरेजवाल्यानं केलंय. आणि परक्या पोरीसाठी तो एवढा जीव का ओतेल, सांग बरं? पंगती उठेपर्यंत मांडवभर तेच चाललं होतं.

इथं एक सांगायलाच हवं. माझ्या रुखवतात माझा हात लागलेली एकही वस्तू नव्हती. सगळं जुन्नरच्या एका बाईकडून विकत आणलेलं, आणि सासरी कौतुक झालं तेव्हा मी खुशाल मान डोलावली होती. चोराच्या मनात चांदणं. पण ही सबब म्हणून सांगत नाही हां — त्या दिवशी माझ्या डोळ्यांत काय होतं, तेवढं कळावं म्हणून.

आणि मावशीच्या कानात बोलले ती नुसती कुचकी जीभ. मी लपवलंय ते अजून पुढंच आहे. कशी फिरतेय बघा — येते, येते तिथं. सत्यनारायणाच्या दिवशी विलासनं मला परसात गाठलं. कुजबुज त्याच्यापर्यंत पोचली होती. दोन्ही हातांनी त्यानं न्हाणीचा कठडा धरला होता.

"आक्का, तू सोता बघितलं व्हतं का? न्हाई म्हण, मी इसरून जातो."

किती सोपं होतं! नाही म्हणायचं. काय पाहिलं होतं मी? काहीसुद्धा नाही. पण मांडवभर बोलून बसले होते. आता नाही म्हटलं तर मीच खोटी पडणार. आणि मनातून मला पटलेलंच होतं — मग डोळ्यांनी बघितलं काय, न बघितलं काय?

"बघितलं," मी म्हणाले. "श्रावणात भीमाशंकरला गेले तवा. वाटेत घोडेगावला, गॅरेजात दोघं बसून रंगवत व्हते."

त्या श्रावणात मी भीमाशंकरला गेलेच नव्हते. देवाचं नाव घेऊन धडधडीत खोटं बोलले. हेच ते. झालं सांगून.

त्यानं हेलिकॉप्टर पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. रजा संपल्यावर एकटाच गेला. क्वार्टर मिळालं, बरोबरीच्यांच्या बायका गेल्या, मनीषा नारायणगावातच. लोकांनी विचारलं की आई म्हणायची, माझ्या मदतीला ठेवलीय. पुढं मुलगी झाली. बारशाला विलास रजेवर आला आणि पाळण्यावर वाकून लेकराच्या नाकाडोळ्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिला. बायका म्हणाल्या, बापाची माया बघा. तो काय शोधत होता, ते तिथं फक्त मला कळत होतं.

मग एका वर्षी गौरींना माहेरी गेले, तर मनीषा अंगणात, उघड्यावर, सगळ्या आळीसमोर बसलेली. आरासीसाठी नवं हेलिकॉप्टर करत होती, जरा लहान. हिरव्यात काळा नि चमचाभर पिवळा मिसळला, चमक मरावी म्हणून खडूची पूड घातली, रॉकेलनं पातळ केलं. आणि डासांचं औषध मारायचा जुना हातपंप घेऊन लांबूनच फवारलं. फुस्स, फुस्स. रंग बसला — सपाट. एक ओरखडा नाही. शिनोलीला असंच केलं होतं, ती आईला सांगत होती. गॅरेजातून नुसती उरलीसुरली लांबी आणायची, तीही वडलांबरोबर जाऊन. मी उंबऱ्यात उभी.

त्याच दुपारी विलासचा फोन आला. आईनं हौसेनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला म्हणे, त्या गॅरेजवाल्यानंच शिकवलं असंल. बघा, संशयाचं असं असतं! त्याला पुरावा दिला तर तो पुरावाही खातो. त्यावर औषध एकच होतं — मी. आणि आईनं रिसीव्हर माझ्याच हातात दिला. आरास कशी झालीय, विलासनं विचारलं. छान झालीय, मी म्हणाले. मग तो गप्प आणि मी गप्प. वाट बघत होता का तो? मला वाटतं, बघत होता. भाऊ तुटेल, सासरी कळेल, बायका तोंडात शेण घालतील — एवढंच माझ्या डोक्यात. पाणी आलंय नळाला, म्हणाले, आणि फोन ठेवला.

विलास आता रिटायर होऊन घरीच असतो. ती ताट वाढते, तो मान खाली घालून जेवतो. काही लागलं तर मुलीकरवी मागतो.

मधे माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात माझ्याजवळ कोण राहिलं? मनीषा. अंग पुसायची, वेणी घालायची, पेज भरवायची. एका सकाळी चमचा वाटीत ढवळत म्हणाली,

"वन्सं, मला समद्यांनी इचारलं, ते हेलिकॉप्टर कुणी केलं. सासूबाईंनी इचारलं. माझ्या सख्ख्या भावानं इचारलं. तुमी तेवढं कधी न्हाई इचारलं. मला लई आधार वाटतो तुमचा."

मी तोंड उघडलं. तिला वाटलं, मला पेज हवीय. तिनं चमचा पुढं केला, आणि मी खाल्ली.